शिवारांतलें पिण्याचें पाणी

आपल्या मंडळाच्या बहुतेक सभासदांनीं आपल्या जमिनीची माती एकदां तरी तपासून घेतलेली असते. विहिरीचें पाणी पिकास मानवेल कीं नाहीं, त्यांत क्षार किती, ह्याचीही चौकशी हल्लीं जाणता शेतकरी करतो. परंतु भर दुपारीं बांधावर भाकरी सोडल्यावर जें पाणी आपण पितों व आपल्या माणसांस पाजतों, तें कोठून आलें व त्यांत काय आहे, हा प्रश्न कितीजण विचारतात? घरीं नळ असतो, गाळण्याचें यंत्र असतें. शिवारांत मात्र जें जवळ तें गोड, असा आपला न्याय आहे. ह्या न्यायाचा दंड कसा भरावा लागतो, तें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. म्हणून प्रस्तुत लेख लिहिण्याचें योजिलें.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आषाढांत खुरपणीचें काम जोरांत चाललें होतें. ओढ्याच्या कांठीं आमची जुनी विहीर आहे. तिचा कठडा एका बाजूस ढासळलेला, आणि पावसाचें वाहतें पाणी त्या बाजूनें आंत उतरे. घरून न्यावयाचा पाण्याचा ड्रम त्या दिवशीं गाडी नाहीं म्हणून राहिला, व खुरपणाऱ्या बाया आणि गडी दिवसभर त्या विहिरीचेंच पाणी प्याले. तिसऱ्या दिवशीं सातजणांस ढाळ-वांत्या सुरू झाल्या. आमच्याकडे पंधरा वर्षें असलेला सालगडी रात्रींतून इतका गळाला कीं, त्याचे डोळे खोल गेले व लघवी बंद झाली. तालुक्याच्या गांवीं दवाखान्यांत चार दिवस ठेवावा लागला, तेव्हां तो वांचला. तेथील डॉक्टरांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला, “पाणी कोठलें पाजलेंत?” उत्तर देतांना मान खालीं गेली. बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वीं तिच्यावरील चिठ्ठी दोनदां वाचणारे आम्ही. आणि माणसांच्या पोटांत जाणारें पाणी न पाहतां दिलें होतें.

तेव्हांपासून ह्या विषयाकडे आम्हीं लक्ष पुरविलें. जें समजलें व जें आमच्या शेतावर चालूं केलें, तें सभासदांपुढें ठेवितों.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. निवळशंख पाणी तें शुद्ध आणि वाहतें पाणी तें निर्दोष, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलों. पाण्यांतील गाळ डोळ्यांस दिसतो. रोगाचे जंतु दिसत नाहींत. पटकी, विषमज्वर, हगवण, आंव, कावीळ हे सर्व विकार मुख्यतः एकाच वाटेनें पसरतात. रोग्याच्या विष्ठेंतील जंतु पाण्यांत उतरतात आणि त्या पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटांत जातात. रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञास सन १८८४ मध्यें कलकत्त्यास एका तळ्याच्या पाण्यांत पटकीचे जंतु सांपडले. त्या तळ्याच्या कांठीं राहणारे लोक तेंच पाणी पीत व त्यांतच कपडे धूत. ओढा वाहता असला तरी वरच्या वस्तीची घाण तो खालच्या शेतावर आणतो, एवढाच त्याच्या वाहण्याचा अर्थ. पहिल्या पावसाचें पाणी तर सर्वांत घातक, कारण उन्हाळाभर रानांत सांचलेला मळ तें एकदम धुऊन नेतें.

पाणी सुधारलें म्हणजे रोग हटतो, ह्याचा आपल्या देशांतील सर्वांत मोठा पुरावा म्हणजे नारू. आमच्या वडील पिढीस हा शब्द सांगावयास नको. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून लोक पाणी भरीत. ज्याच्या पायास नारूचा फोड असे, त्याचा पाय पाण्यास लागतांच कृमीचीं असंख्य पिलें पाण्यांत सुटत. तीं सूक्ष्म अशा जलपिसवांच्या पोटांत वाढत. हा उलगडा फेद्चेंको ह्या रशियन शास्त्रज्ञानें सन १८७० मध्यें केला. असें पाणी जो पिई, त्याच्या शरीरांत सुमारें वर्षभरानें हातभर लांबीचा कृमि तयार होऊन पायांतून बाहेर येऊं लागे, आणि तो काडीवर गुंडाळीत दिवसचे दिवस अंथरुणावर काढावे लागत. तेही बहुधा ऐन पेरणी-खुरपणीच्या वेळीं! महाराष्ट्र हें ह्या रोगानें पीडित राज्यांपैकीं एक होतें. ह्या रोगावर लस नव्हती व खात्रीचें औषधही नव्हतें. सन १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या किंवा त्यांस कठडे बांधले गेले, जलपिसवा मारण्याचें औषध पाण्यांत टाकलें, हातपंप बसले, आणि घरोघर पाणी दाट कापडांतून गाळण्याची संवय लावली. जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत शेवटचा रोगी आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. कापडाच्या तुकड्यानें व विहिरीच्या कठड्यानें जें साधलें, तें ह्या लेखाच्या मुळाशीं आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. शिवारांत पाणी घ्यावयाचें तर प्रथम जागा निवडावी. खोल कूपनलिकेचा हातपंप सर्वांत बरा. त्याखालोखाल कठडा असलेली, भोंवतीं फरशीचा ओटा असलेली व दोर-पोहऱ्यानें शेंदावयाची विहीर. तिच्यापासून निदान पंधरा मीटरांच्या आंत शौचखड्डा, उकिरडा किंवा गोठा नसावा. हें दोन्ही नसेल तर नदीच्या वाळूंत झिरा खणावा. आपले वाडवडील हें करीत, व तें योग्यच होतें. वाळूंतून पाझरतांना पाणी बरेंचसें गाळलें जातें. झिरा प्रवाहापासून चार हात दूर खणावा, पहिलें गढूळ पाणी दोन-तीनदां उपसून टाकावें व नंतर आलेलें निवळ पाणी घ्यावें. पाट, कालवा, शेततळें व जनावरें उतरण्याचें डबकें हीं शेवटच्या प्रतीचीं समजावीं.

येथें एक कडक इशारा दिला पाहिजे. पुढें जे उपाय सांगणार आहों, ते सर्व जंतूंवरचे आहेत; विषावरचे नाहींत. जेथें फवारणीचा पंप धुतात, औषधाचे डबे विसळतात, त्या जागेचें पाणी कोणत्याही उपायानें पिण्याजोगें होत नाहीं. खतांतून उतरणारें नायट्रेट व कांहीं भागांतील खडकांतून येणारें फ्लोराइड उकळल्यानें जात नाहीं. उलट पाणी आटून त्यांचें प्रमाण वाढतें. यवतमाळ, चंद्रपूर वगैरे जिल्ह्यांतील कित्येक गांवीं फ्लोराइडचा उपद्रव आहे. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट लिटरास ४५ मिलिग्रॅम व फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावें. दुसरें पाणी नसेल तर फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात, त्यापुढें नाहीं. आपल्या विहिरीचें पाणी एकदां प्रयोगशाळेंत पाठवून ह्याची खात्री करून घ्यावी.

जागा ठरली कीं पहिली पायरी निवळण्याची. गढूळ पाण्यांत जंतु गाळाच्या आड लपतात व औषधही गाळांतच खर्ची पडतें. तुरटीचा खडा पाण्यांत फिरविण्याची आपली जुनी रीति शास्त्रशुद्ध आहे. मात्र प्रमाण थोडें असावें. लिटरास ५ ते ४० मिलिग्रॅम तुरटी पुरते, म्हणजे पंधरा लिटरांच्या हंड्यास अतिशय गढूळ पाणी असलें तरी अर्ध्या ग्रॅमाच्या आसपास. खडा पांच-सहा वेळां फिरवून काढावा, पाणी तास-दोन तास हलवूं नये, व वरचें निवळ पाणी अलगद ओतून घ्यावें. निवळीचें बीं उगाळून घालण्याचा उपाय सुश्रुतसंहितेंत आला आहे. शेवग्याच्या वाळलेल्या बियांच्या पिठांतही गाळ खालीं बसविण्याचा गुण आहे, आणि सुदानांतील स्त्रिया नाइलच्या गढूळ पाण्यास तें वापरीत आल्या आहेत. तथापि तुरटी, निवळी व शेवगा हीं पाणी निवळ करितात, निर्जंतुक करीत नाहींत, हें विसरूं नये.

त्यापुढें गाळणें. जुन्या, पुष्कळ वेळां धुतलेल्या सुती लुगड्याची चौपदरी घडी घ्यावी. धुण्यानें धागे फुगून जाळी बारीक होते. बांगलादेशांतील खेड्यांत अशा चौपदरी साडीनें पाणी गाळण्याचा प्रयोग रीटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. सन २००३ मध्यें त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्यानें घटल्याचें दिसून आलें. पटकीचे जंतु ज्या सूक्ष्म जलजीवांस चिकटून राहतात, ते कापडांत अडकतात म्हणून हा गुण. परंतु सुटे जंतु कापडांतून पार जातात. म्हणून कापड ही पूर्वतयारी, शेवटचा उपाय नव्हे. गाळल्यावर कापड उलटें करून धुवावें व कडक उन्हांत वाळवावें.

जंतु मारण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे उकळणें. पुष्कळांची समजूत अशी कीं, पाणी वीस मिनिटें उकळलें पाहिजे. एवढें सरपण कोठून आणावयाचें म्हणून मग कोणी उकळीतच नाहीं. वस्तुस्थिति तशी नाहीं. पाण्यास खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट राहूं दिलें म्हणजे पुरे. दोन हजार मीटरांहून उंच प्रदेशांत तीन मिनिटें लागतात. परंतु आपल्या राज्यांत सर्वांत उंच कळसूबाईचें शिखरही १,६४६ मीटरच आहे, तेव्हां आपणांस एक मिनिटच धरावयाचें. तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, पाचट ह्यांवर रात्रीं हंडा उकळून झांकून ठेविला म्हणजे सकाळीं शिवारांत न्यावयास थंड पाणी तयार. ज्या कांहीं परजीवी जंतूंवर क्लोरीन चालत नाहीं, तेही उकळीनें मरतात.

पंचवीस-तीस माणसांचें काम असेल तेथें उकळणें जड जातें. तेथें क्लोरीनचा उपाय करावा. विहिरीस विरंजक चूर्ण, ज्यास सर्वजण ब्लीचिंग पावडर किंवा गांवभाषेंत टी.सी.एल. म्हणतात, तें घालावें. त्याचा हिशोब असा: विहिरीचा व्यास मीटरांत घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीनें व ३.१४ नें गुणावें व चारांनीं भागावें. म्हणजे घनमीटर येतात, आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. दर हजार लिटरांस ताजें चूर्ण सुमारें २.५ ग्रॅम घ्यावें. उदाहरणार्थ, विहिरीचा व्यास ६ मीटर व पाणी ४ मीटर असेल, तर पाणी सुमारें ११३ घनमीटर, आणि चूर्ण सुमारें २८० ग्रॅम. चूर्ण बादलींत थोड्या पाण्यांत कालवून पातळ करावें, चुना खालीं बसूं द्यावा, वरचें निवळ पाणी दुसऱ्या बादलींत घेऊन ती दोरानें विहिरींत सोडावी व खालींवर करून सर्व पाणी ढवळावें. बसलेला चुना विहिरींत टाकूं नये. निदान एक तास कोणी पाणी भरूं नये; संध्याकाळीं हें काम केल्यास रात्र आयती मिळते. चूर्ण उघडें किंवा दमट जागीं राहिल्यास त्याचा जोर उतरतो, म्हणून तें घट्ट झांकणाच्या डब्यांत, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावें.

हंडा-ड्रमासाठीं क्लोरीनच्या गोळ्या मिळतात. अर्ध्या ग्रॅमाची एक गोळी साधारणतः वीस लिटरांस चालते. तथापि गोळ्यांच्या जाति अनेक आहेत, म्हणून वेष्टनावर जें प्रमाण लिहिलें असेल तेंच प्रमाण मानावें. गोळी विरघळल्यावर निदान अर्धा तास थांबावें. पाण्यास किंचित वास येणें हें औषध शिल्लक असल्याचें चिन्ह आहे. वास आवडत नाहीं म्हणून गोळी अर्धी करणारे आम्हीं पाहिले आहेत, त्यांनीं तो मोह टाळावा. क्लोरीन हें घाणेरड्या पाण्यावर पांघरूण घालण्याचें साधन नव्हे, हेंही ध्यानांत असावें. सन १९५५-५६ मध्यें दिल्लीस यमुनेच्या पाण्यांत गटाराचें पाणी मिसळलें. क्लोरीन घालून पाणी दिलें तरी सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली. म्हणून आधीं निवड, मग निवळणें, मग गाळणें, आणि नंतर औषध, हा क्रम सोडूं नये.

जेथें सरपण नाहीं व औषधही नाहीं, तेथें सूर्य आहे. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठांतील अफ्तिम आक्रा ह्यांनीं सन १९८० च्या सुमारास असें दाखविलें कीं, पारदर्शक बाटलींतील पाणी उन्हांत ठेविल्यास जंतु मरतात. पाण्याची साधी, रंगहीन, ओरखडे न पडलेली प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. ती दोन लिटरांहून मोठी नसावी. निवळलेलें व गाळलेलें पाणी भरून ती पत्र्यावर आडवी ठेवावी. लख्ख ऊन असल्यास सहा तास, अर्धें आभाळ भरलेलें असल्यास सलग दोन दिवस. बाटलीखालीं छापील कागद ठेविला असतां पाण्यांतून अक्षर वाचतां आलें पाहिजे. न आल्यास पाणी ह्या उपायास फार गढूळ समजावें. कापूस वेंचणीच्या व ऊंसतोडीच्या हंगामांत हा उपाय उत्तम. पावसाळ्यांत मात्र त्यावर विसंबूं नये. आणि कितीही धुतलेली असली तरी फवारणीच्या औषधाची बाटली पाण्यास कदापि घेऊं नये. अशा बाटल्या तीनदां विसळून, भोंकें पाडून निकामी कराव्यात, म्हणजे कोणाच्या लेंकराच्या हातीं लागणार नाहींत.

तांब्याच्या हंड्याबद्दल आम्हांस नेहमीं विचारलें जातें. बंगळूरच्या संशोधकांनीं सन २०१२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तांब्याच्या भांड्यांत सोळा तास ठेविलेल्या पाण्यांतील पटकी व हगवणीचे जंतु नाहींसे झालेले आढळले. तेव्हां आजीबाईंचा हंडा अगदीं टाकाऊ नाहीं. परंतु सोळा तास म्हणजे संध्याकाळीं भरून दुसऱ्या दिवशीं सकाळीं उशिरां प्यावयाचें. भरला कीं लगेच प्याला, त्यांत कांहीं गुण नाहीं. ताक किंवा आंबट पदार्थ त्यांत ठेवूं नये.

इतकें करून पाणी शुद्ध झालें, तरी तें पिणाऱ्याच्या हातानें पुन्हां बिघडतें. शेतावर ड्रमांत पेला बुडवून पाणी घेण्याची जी चाल आहे, ती सर्व श्रमांवर पाणी फिरविते. मातीचे, शेणाचे, खताचे हात पाण्यास लागतां उपयोगीं नाहींत. ड्रमास तोटी बसवावी; तें न जमल्यास लांब दांड्याचें ओगराळें ठेवावें. ड्रम सावलींत, तिवईवर व झांकून ठेवावा, आठवड्यास घासावा, आणि शेजारीं साबणाची वडी ठेवावी.

आतां खऱ्या मुद्द्याकडे येतों. आपण, म्हणजे जमिनीचे धनी, बहुधा घरचें पाणी बाटलींत घेऊन शेतावर जातों. ओढ्याचें व पाटाचें पाणी पितो तो आपला कामकरी. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर व इतर जिल्ह्यांतून हजारों ऊंसतोड कामगार बायकामुलांसह पश्चिम महाराष्ट्रांत येतात व चार-पांच महिने फडाशेजारीं खोपटांत राहतात. मुकादमाशीं उचलीचा, कोयत्यांचा व दराचा करार होतो. पाण्याचा शब्द त्यांत क्वचितच असतो. त्यांत गरोदर स्त्रिया असतात, आणि पाण्यावाटे पसरणारी एक जातीची कावीळ गरोदर स्त्रीस फार घातक ठरते, हें वैद्यकांत सिद्ध आहे. तान्हें मूल ढाळांनीं एका दिवसांत हातचें जातें. ऊंस आपला, फड आपला, आणि तहान मात्र त्यांची त्यांनीं भागवावी, हें न्यायाचें नाहीं. व्यवहाराच्या दृष्टीनेंही पाहिलें तर ड्रम, तोटी व हंगामाच्या गोळ्या ह्यांचा सर्व खर्च, एका माणसाच्या दवाखान्यापुढें व आठ दिवसांच्या अडलेल्या कामापुढें कांहींच नाहीं.

आम्हीं काय केलें, तें थोडक्यांत सांगतों. विहिरीचा कठडा बांधून घेतला व भोंवतीं ओटा केला. तोटीचे दोन ड्रम घेतले. पाण्याचें काम एका माणसाकडे नेमून दिलें व त्याच्या मजुरींत तें धरलें. कारण जें काम सर्वांचें, तें कोणाचेंच नसतें. हें काम आमच्या त्याच सालगड्यानें आपण होऊन मागून घेतलें. गेल्या दोन पावसाळ्यांत शेतावर पुन्हां तसा प्रसंग आला नाहीं.

तरीही कोणास ढाळ लागलेच, तर वैद्याची वाट पाहत बसूं नये. एक लिटर शुद्ध पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजीत राहावें. तयार पुडी मिळाल्यास उत्तमच. वांती झाल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हां पाजावें. लघवी थांबली, डोळे खोल गेले, शुद्ध हरपूं लागली किंवा शौचांत रक्त दिसलें, तर क्षणाचाही विलंब न लावितां दवाखाना गांठावा, आणि वाटेंतही पाजणें थांबवूं नये.

ज्यानें आपल्या रानांत घाम गाळला, त्यास घोटभर निर्मळ पाणी देणें हा आपल्याकडे जुना धर्म आहे. वैशाखांत पाणपोया घालणारे आपणच. तीच पाणपोई बांधावर बारमाही चालवावी, एवढेंच आमचें सभासदांस सांगणें आहे. येत्या हंगामापूर्वीं प्रत्येकानें आपल्या शिवारांतील विहिरीचा कठडा एकदां स्वतः फिरून पाहावा.